पॉलिश मशीन घ्यायच्या आधी फडकं बदला: घरी पेंट करेक्शन करायच्या सामानाचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू कुठल्या एका बाटलीचा नाहीये. गाडीचा पेंट घरच्या घरी नीट करायला जे काय काय लागतं, म्हणजे शाम्पू, क्ले (पेंटमध्ये रुतलेले कण ओढून काढणारी वडी), कंपाउंड (चरे घासून काढणारं पॉलिश), डीए नावाचं पॉलिश मशीन, वॅक्स, त्या सगळ्या सामानाचा आहे, आणि वापरून वापरून माझं मत असं झालंय की यातलं सगळ्यात महाग जे मशीन ते सगळ्यात शेवटी घ्यायचं, आणि सगळ्यात स्वस्त जे आहे, म्हणजे हातात घालून गाडी धुवायचा मोजा, दोन बादल्या आणि चांगली मायक्रोफायबरची फडकी, ती आजच घ्यायची. व्हिडिओमध्ये सगळीकडे उलटं दाखवतात, आधी मशीन आणि मग बाकीचं, त्यामुळे लोकांना वाटतं मशीन आणलं की गाडी नवी.

गाडीची माहिती देते म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. गडद निळी मेटॅलिक हॅचबॅक, नऊ वर्षांची, वाघोलीतली सोसायटी, उघडं पार्किंग, पाणी कधी बोअरचं कधी टँकरचं, आणि पार्किंगच्या डोक्यावर भलामोठा आंबा. पांढरी किंवा सिल्व्हर गाडी असेल तर यातलं निम्मं तुम्हाला दिसणारच नाही, गडद रंग मात्र काही लपवत नाही. संध्याकाळी बोनेटवर मोबाइलचा टॉर्च धरून बघा, प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे दिसतील, यांनाच स्वर्ल मार्क म्हणतात. खरं तर ते गोल नसतातच, हजारो छोटे छोटे चरे सगळ्या दिशांना पडलेले असतात आणि त्यातले जे प्रकाशाच्या आडवे येतात तेवढेच चमकतात म्हणून आपल्याला वर्तुळं दिसतात. टॉर्च सरकवला की जाळंही त्याच्याबरोबर सरकतं, करून बघा.

आता हे चरे येतात कुठून. दगड उडून आलेला खड्डा वेगळा, किल्लीने मारलेला ओरखडा वेगळा, ते आपल्याला माहीत असतात. पण जाळं रोज सकाळी तयार होतं, कोरड्या फडक्याने. आमच्याकडे रात्रभरात गाडीवर बांधकामाची धूळ बसते, त्यात वाळूची पूड असते आणि वाळूतला क्वार्ट्झ गाडीच्या वरच्या थरापेक्षा कितीतरी कठीण असतो. त्या धुळीवरून फडकं फिरवलं की फडक्याचाच पॉलिश पेपर होतो. सोसायटीत गाड्या पुसणारे मामा आहेत, अतिशय कष्टाळू माणूस, पहाटे पाचला येतात, एका बादलीत दहा-बारा गाड्या काढतात कारण नळ एकच आणि वेळही तेवढाच. यात त्यांचा दोष मला अजिबात वाटत नाही, आपणच महिन्याला काहीशे रुपये देऊन रोज गाडी चकाचक मागतो. मी त्यांना म्हटलं, मामा माझी गाडी रोज पुसू नका, फक्त काचा पुसा, पैसे तेवढेच घ्या. तर ते म्हणाले, "ताई, काचाच पुसल्या तर बाकीचे म्हणतील मामा काम चुकवतोय." बरोबर आहे त्यांचं. शेवटी ठरलं असं की माझ्या गाडीची फडकी वेगळी, डिकीत ठेवलेली, काचा रोज आणि बॉडीला हात फक्त पाणी मारून झाल्यावर. आणि हे मी ग्रुपवरही टाकलं म्हणजे मामांना कोणी बोलू नये. एवढ्या एका बदलाने नवीन चरे पडायचे जवळजवळ थांबले, आणि खर्च फडक्यांचा.

म्हणून फडक्यांबद्दल नीट लिहिते. मायक्रोफायबर म्हणून सिग्नलवर जे पिवळं-निळं विकतात ते काचेला आणि डॅशबोर्डला ठीक, पेंटला नको, कडेची शिवण कडक असते आणि कापड पातळ. पेंटसाठी लेबलवर पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचं प्रमाण बघायचं, 80/20 चालतं, 70/30 मिळालं तर अजून मऊ, आणि जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, पुसायला 350 च्या आसपास पुरतं, गाडी कोरडी करायला जाड मोठा टॉवेल वेगळा. धुताना सुती कपड्यांबरोबर टाकायचं नाही, सुताचे तुसे त्यात अडकून बसतात. कम्फर्टसारखं सॉफ्टनर घालायचं नाही, त्याने धाग्यांवर थर बसतो आणि फडकं पाणी पिणं बंद करतं. आणि जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा धुतल्याशिवाय गाडीला लावायचं नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

धुण्याची पद्धत सोपी आहे. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं, मोजा शाम्पूत बुडवायचा, एक पॅनेल पुसायचं वरून खाली, मग साध्या पाण्यात खळबळून धूळ सोडायची आणि परत शाम्पूत. बादलीच्या तळाशी जाळी बसवतात, ग्रिट गार्ड, ती असली तर बरं, धूळ खाली राहते. शाम्पू मी थ्रीएमचा वापरते, टोपणभर पुरतो, मोजा पॅनेलवरून छान घसरतो, याहून जास्त शाम्पूकडून काही अपेक्षा नाही. कपड्यांची पावडर मात्र नको, तिच्यात सोडा असतो, असलेलं वॅक्स एका धुण्यात उतरवते आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या पाडते.

ज्यांच्याकडे पाण्याचाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी रिन्सलेस वॉश ही मला या सगळ्यातली सगळ्यात कामाची वस्तू वाटली, आणि आपल्याकडे हिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. बादलीभर पाण्यात टोपणभर लिक्विड टाकायचं, पाच-सहा फडकी त्यात भिजत टाकायची, पॅनेलवर आधी त्याच पाण्याचा स्प्रे मारून धूळ फुगू द्यायची, मग एक फडकं घडी घालून एका दिशेने हलक्या हाताने, घाण झाली बाजू की घडी पलटायची, आणि लगेच कोरड्या टॉवेलने टिपायचं. नंतर पाणी मारायची गरज नाही. एका बादलीत अख्खी गाडी होते. उन्हाळ्यात टँकरच्या दिवसांत पाइप लावून गाडी धुणं मला तरी पटत नाही, आणि मराठवाड्यातले माझे नातेवाईक तर गाडी धुवायचं नावही काढत नाहीत मार्चनंतर, त्यांना मी हीच बाटली पाठवलीये. फक्त एक, चिखलाने माखलेली गाडी असेल तर हे चालणार नाही, तिथे आधी पाण्याचा मारा पाहिजेच.

आता आमचा आंबा. मोहोर आला की झाडावर तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकटा खाली गाडीवर पडतो, काचेवर, छतावर, सगळीकडे बारीक चिकट ठिपके, त्यावर धूळ बसते आणि काही दिवसांनी काळी बुरशीही धरते. लोक त्याच्यावर पेट्रोल नाहीतर थिनर लावतात. काही गरज नाही, चिकटा म्हणजे साखरेचा पाक आहे, कोमट शाम्पूच्या पाण्याचं फडकं दोन-तीन मिनिटं वर ठेवलं की विरघळतो. झाडाचा चीक मात्र वेगळा, तो राळेसारखा, पाण्याने हलत नाही, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन हळूहळू दाबून धरायचं. आणि पक्ष्यांची विष्ठा ही सगळ्यात वाईट, तिच्यात युरिक अ‍ॅसिड असतं आणि मे महिन्याच्या उन्हात एका दुपारीत क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, डाग कोरला जातो. दिसली की पाण्याचा स्प्रे, वर ओला टिश्यू, भिजू द्यायची आणि मग उचलायची, घासायची नाही, कारण तिच्यात बिया आणि खडे असतात. माझ्या दारात एक स्प्रेची बाटली कायम असते.

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके ही पुण्याच्या आसपासच्या सगळ्यांची तक्रार. पाणी वाळतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून फडक्याने लावायचं, मिनिटभरात पाण्याने धुवून टाकायचं, उन्हात करायचं नाही. महिनोन् महिने बसलेले ठिपके पेंटमध्ये खोल गेलेले असतात, तिथे व्हिनेगर हरतं आणि पॉलिशच लागतं. म्हणून सांगते, गाडी धुतली की टॉवेलने कोरडी करा, उन्हात वाळायला सोडू नका. सिरॅमिक कोटिंग (पेंटवर चढवलेला कडक संरक्षक थर) करून घेतलेल्यांनी तर हे जास्त पाळायला हवं, कारण कोटिंगवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात आणि प्रत्येक थेंब जागेवर वाळून आपला ठिपका सोडून जातो.

क्ले बार. ह्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी. गाडी धुऊन कोरडी केली की हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि बोनेटवरून बोटं फिरवा, पिशवीतून खरखर फार स्पष्ट कळते, नुसत्या हाताला जे जाणवत नाही ते. ही खरखर म्हणजे पेंटमध्ये रुतून बसलेले कण, डांबराचे थेंब, रंगाचे फवारे, लोखंडाचा चुरा. ब्रेकमधून लोखंडाची भुकटी उडते, रेल्वे लाइनजवळ किंवा कारखान्यांच्या पट्ट्यात राहत असाल तर विचारायलाच नको, पांढऱ्या गाडीवर हे नारिंगी ठिपके म्हणून दिसतं आणि लोकांना वाटतं गाडीला गंज लागला. त्यासाठी आधी आयर्न रिमूव्हर मारतात, त्यात थायोग्लायकोलेट असतं, लोखंडाला लागलं की जांभळे ओघळ यायला लागतात, वास मात्र कुजलेल्या अंड्यासारखा, बंद पार्किंगमध्ये मारू नका. मग क्ले. बोटाएवढा तुकडा मळून चपटा करायचा, पॅनेल शाम्पूच्या पाण्याने भरपूर ओलं, आणि हाताचा भार न देता मागे-पुढे सरकवायचा. पहिल्या दोन-चार हातांना क्ले अडखळते, चर्र चर्र आवाज येतो, मग आवाज कमी होत जातो आणि एका क्षणी ती काचेवरून घसरावी तशी सुळकन जाते, तेव्हा थांबायचं. उलटी करून बघितली तर निळी क्ले तपकिरी-काळी झालेली असते, छतावरून निघालेली तर अंगावर येते बघताना. घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. खाली पडली तर टाकून द्यायची, कितीही महाग असली तरी, कारण चिकटलेले खडे निघत नाहीत. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, त्याहून जास्त नको, कारण क्लेनेही गडद रंगावर बारीक चरे पडू शकतात.

इथपर्यंत आलात तर बऱ्याच लोकांना पुढे जायची गरजच राहत नाही, हे मी मनापासून सांगते. धुतलेल्या, क्ले केलेल्या गाडीवर वॅक्स लावलं की शेजारी विचारतात रंग मारला का. तरीही चरे काढायचेच असतील तर कंपाउंडकडे जायचं, पण त्याच्या आधी आपण नक्की काय घासतोय ते कळलं पाहिजे.

कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यावर आधी गंजरोधक ई-कोट, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळं मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट 35 ते 50 च्या आसपास. आपल्या डोक्याचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे ज्या थरावर आपण मशीन फिरवतो तो केसापेक्षा पातळ आहे. चरा निघतो म्हणजे भरून येत नाही, चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट खाली आणून सपाटी केली जाते. प्रत्येक करेक्शनला काही मायक्रॉन कायमचे जातात. आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच थरात असतात. म्हणून दर दिवाळीला गाडीला रबिंग मारून आणणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं, चार-पाच वर्षांत छतावरचा क्लिअर कोट पापुद्रे काढायला लागतो आणि मग कुठलीही बाटली, कुठलंही मशीन काही करू शकत नाही, ते पॅनेल पेंटरकडेच न्यावं लागतं.

कुठला चरा निघेल हे नखाने कळतं. नख आडवं फिरवलं आणि अडकलं तर तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही, त्याच्या मागे लागू नका. पांढरा किंवा राखाडी दिसत असेल तर प्रायमरपर्यंत गेलाय, पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याच्या आधी टचअप पेन लावून बंद करा. टचअपचा रंग घेताना गाडीचा कलर कोड द्या, दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली पट्टीवर असतो, नुसतं "निळा" सांगून घेऊ नका, एकाच कंपनीचे चार निळे असतात.

कंपाउंड मी मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड घेतलं. ही 1901 साली अमेरिकेत फर्निचरच्या पॉलिशपासून सुरू झालेली कंपनी, 2013 पासून थ्रीएमकडे आहे. 450 मिलीची बाटली, किंमत हजाराच्या वर, पण एवढीशी लागते की हॅचबॅकचं सगळं करून भरपूर उरते. आवडायचं कारण म्हणजे हाताने पण चालतं आणि मशीनने पण. पूर्वीच्या रबिंग कंपाउंडमध्ये दाणे मोठे असायचे, चरा काढून स्वतःचे चरे सोडायचे, मग त्यावर दुसरं पॉलिश. हे बारीक दाण्याचं आहे, निळ्या रंगावरही मागे धूसरपणा राहिला नाही. हाताने करायचं असेल तर फोमच्या अ‍ॅप्लिकेटरवर वाटाण्याएवढे दोन थेंब, एक फूट बाय एक फूट जागा, आधी आडवं मग उभं, चांगला दाब देऊन. दाराच्या हँडलमागे नखांचे जे चरे पडतात ते हाताने मस्त गेले, ती जागा मशीनला तशीही पोचत नाही. पण अख्खं बोनेट हाताने करायला जाऊ नका, खांदे भरून येतात आणि दाब कमी-जास्त होऊन काम ठिगळांसारखं दिसतं.

मशीन. रोटरी आणि डीए यातला फरक समजून मगच घ्या. रोटरी म्हणजे पेंटरकडे असतं ते, पॅड एकाच अक्षाभोवती जोरात फिरतं, एका जागी जरा जास्त थांबलं तर उष्णता वाढून पेंट जळतो, विशेषतः कडा आणि बोनेटवरच्या उभारलेल्या रेषा, तिथे थर आधीच पातळ असतो. डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, पॅड फिरतंही आणि मध्य सोडून हेलकावतंही, आणि जास्त दाबलं तर फिरायचं थांबतं, त्यामुळे नवख्या माणसाच्या हातूनही पेंट जळायची भीती फार कमी. घरी वापरायला डीएच घ्या, यात वादच नाही. मी ऑनलाइन मिळणारं पाच इंची प्लेटचं, 15 मिमी हेलकाव्याचं एक साधं मशीन घेतलं, नाव देत नाही कारण तेच मशीन चार-पाच नावांनी विकलं जातं. ताकद पुरेशी आहे, पण वायर आखूड, एक्स्टेंशन बोर्डाशिवाय गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाता येत नाही, कंपन भरपूर आणि अर्ध्या तासाने प्लेट तापते म्हणून मध्ये थांबवायला लागतं. बरोबर आलेली पॅड सरळ बाजूला ठेवा, फोम दोन दिवसांत चुरा होतो, वेगळी चांगली घ्या. पॅडच्या रंगावरून कडक-मऊ ठरवू नका, प्रत्येक ब्रँडचे रंग वेगळे असतात.

वापरायचं असं. प्लेटच्या कडेवर मार्करने एक उभी रेघ मारा, मशीन चालू असताना रेघ फिरताना दिसली पाहिजे, दिसायची थांबली म्हणजे तुम्ही जास्त दाबताय किंवा पॅड तिरकं धरलंय. पॅडवर तीन-चार थेंब, आधी मशीन बंद ठेवून पॅनेलवर टेकवून पसरवायचे, मग कमी स्पीडला, मग चार-पाचच्या स्पीडला, दोन फूट बाय दोन फूट जागेत अगदी सावकाश, सेकंदाला इंचभर, आडव्या रांगा मग उभ्या रांगा, प्रत्येक रांग आधीच्या निम्म्यावर चढलेली. चार-सहा फेऱ्या झाल्या की पुसून टॉर्च मारायचा. पॅड ब्रशने झाडायचं प्रत्येक जागेनंतर, नाहीतर निघालेला क्लिअर कोट आणि सुकलेलं कंपाउंड त्यातच फिरत राहतं. पॅनेल हाताला थंड असलं पाहिजे, उन्हात अजिबात नाही, हिवाळ्याची सकाळ सगळ्यात उत्तम. आणि सगळी गाडी एका दिवसात उरकायचा हट्ट नको, एका रविवारी बोनेट आणि छत, पुढच्या रविवारी बाजू.

कडांना, काळ्या प्लॅस्टिकला, रबरी पट्ट्यांना मास्किंग टेप लावायची. ही टेप मुळात गाड्यांच्या रंगकामासाठीच जन्माला आली, 1925 मध्ये थ्रीएमच्या रिचर्ड ड्रू यांनी दोन रंगांत गाड्या रंगवणाऱ्या पेंटरांचे हाल बघून बनवली. मी तिचा आणखी एक उपयोग करते, बोनेटच्या बरोबर मधोमध उभी पट्टी लावते आणि एकच बाजू करते. टेप काढून टॉर्च धरला तेव्हा डावीकडे जाळं आणि धुरकट निळा, उजवीकडे खोल गडद निळा आणि त्यात मेटॅलिकचे कण एकेक सुटे दिसत होते. त्या निळ्याचं नाव ब्रोशरमध्ये वाचलं होतं, तो रंग मात्र इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नीट बघितला. ह्या एका दृश्यासाठी मशीनचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

पण लगेच खूश होऊ नका, पुसल्यावर त्या जागेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून मारा आणि परत टॉर्च धरा. पॉलिशमध्ये तेलं असतात, ती चऱ्यांमध्ये बसून चरे झाकतात. खरं करेक्शन झालंय की नुसतं झाकलंय ते अल्कोहोलनंतरच कळतं. आमच्याच भागातल्या एका दुकानात (नाव घेत नाही) दीड हजारात रबिंग-पॉलिशिंग करून आणलेली मैत्रिणीची गाडी मी अशीच तपासली. घरी आली तेव्हा आरशासारखी, दोन धुण्यांनंतर सगळे चरे परत हजर, वर उन्हात तिरके लांब पट्टे, म्हणजे रोटरीचे होलोग्राम. चांगले डिटेलरही (गाडीच्या पेंटचं असं काम करणारे) आहेत, ते कामाच्या आधी पेंटची जाडी मोजतात, तुम्हाला आकडे दाखवतात आणि टेप लावून अर्धं करून दाखवतात. हे विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे गाडी सोडू नका.

वरचा थर, म्हणजे संरक्षण. कार्नोबा वॅक्स हे ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण, 82 ते 86 अंशांना वितळतं, नैसर्गिक मेणांमध्ये सगळ्यात कडक. गडद रंगाला जी ऊब येते ती मला त्यानेच आवडते, पण आपल्या उन्हात आणि पावसात महिना-दीड महिना धरून चाला. सिंथेटिक सीलंट त्याहून टिकतं, आणि सिलिकावाले स्प्रे सगळ्यात सोपे, ओल्या गाडीवर मारा, पुसा, झालं. मी पावसाळ्याच्या आधी सीलंट लावते आणि दिवाळीला हौस म्हणून वॅक्स. वॅक्स फार पातळ लावायचं, जाड लावलं की जास्त टिकतं हा गैरसमज आहे, जास्तीचं सगळं पुसूनच निघतं. पावसाळी दमट हवेत सुकायला वेळ लागतो, घाई करू नका.

आणि सिरॅमिक कोटिंगवाले जे "9एच" सांगतात ते पेन्सिलीच्या कडकपणाच्या मापातलं आहे, म्हणजे 9एच पेन्सिलीने चरा पडत नाही एवढंच, हिऱ्याच्या जवळपासचं काही नाही. कोटिंग वाईट नाही, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण मला वीस-पंचवीस हजारांचे कोटेशन देताना "आता चरेच पडणार नाहीत" असं सांगितलं गेलं, ते खोटं आहे, वाळू आणि कोरडं फडकं कोटिंगलाही चरे पाडतं.

काकांची सॉलिड लाल रंगाची जुनी गाडी आहे, तिच्यावरही काम केलं, तिची गोष्ट थोडी वेगळी. जुन्या सॉलिड रंगांवर बऱ्याचदा क्लिअर कोट नसतोच, रंगाचा एकच थर. ओळखायचं कसं, आडोशाच्या जागी थोडं पॉलिश घासा, फडक्यावर गाडीचा रंग आला तर सिंगल स्टेज. तो रंग उन्हाने वर वर मरतो, गुलाबी-पांढुरका होतो, हात फिरवला तर भुकटी लागते, पण खाली लाल शिल्लक असतो. इथे जोर लावायचा नाही, मऊ पॅड, बारीक पॉलिश, आणि फडकी वेगळी, ती लालच होतात. काकांच्या दारावर गुलाबी जाऊन लाल वर आला तेव्हा काकूच म्हणाल्या, "अगं, हा रंग तर मी विसरलेच होते." जुन्या गाडीवर मेहनत करायची असेल तर अशाच गाडीवर करावी, फक्त थर किती उरलाय याचं भान ठेवून, कडांना हात न लावता.

टूथपेस्टने चरे काढायचे व्हिडिओ बघून मला भीती वाटते. तिच्यात घासणारे कण असतात हे खरं, पण ते दातांसाठी, किती जाडीचे आहेत आणि कधी थांबतील याचा गाडीच्या पेंटशी संबंध नाही. फडक्याला रॉकेल किंवा डिझेल लावून गाडी पुसायची जी सवय आहे तीही सोडा, तासभर चमकते आणि मग तेलकट थरावर दुप्पट धूळ.

पैशांचा हिशेब असा. मोजा, दोन बादल्या, फडकी, शाम्पू आणि क्ले हे सगळं मिळून दोन-अडीच हजारात बसतं. रिन्सलेसची बाटली वेगळी, पण ती कित्येक महिने जाते. मशीन, पॅड आणि कंपाउंड मिळून दहा हजारांच्या आसपास गेलं. करेक्शन दोन-तीन वर्षांतून एकदाच करायचं असतं, मधल्या काळात मशीन माळ्यावर पडून. म्हणून बिल्डिंगमधल्या तीन-चार घरांनी मिळून एक मशीन घ्या, मशीन सामायिक आणि पॅड मात्र प्रत्येकाची आपली, कारण दुसऱ्याच्या गाडीवरचे खडे आपल्या बोनेटवर नकोत. आमच्याकडे आम्ही तिघांनी तसंच ठरवलंय, सेक्रेटरींना विचारून पार्किंगमधला प्लग वापरायची परवानगीही घेतली, मीटरचं बघून त्याचे पैसे सोसायटीला देतो. कोणाला वाघोली-खराडीच्या बाजूला आधी एका पॅनेलवर करून बघायचं असेल तर सांगा, पण गाडी घरून धुऊन, क्ले करून आणा.